खिडकीच्या जुन्या रंगाचे पापुद्रे बाळ तोंडात घालतं, शिशाची भीती आहे का?

तुम्ही विचारलंय की भाड्याच्या जुन्या घरात खिडकीचा पिवळा ऑइल पेंट सुटतोय, सव्वा वर्षाची मुलगी पापुद्रे तोंडात घालते, तर रंगातल्या शिशावर सरकारची मर्यादा असताना घाबरायचं कारण आहे का. आहे. मी बावीस वर्षं रंगाचं दुकान चालवतोय, म्हणून स्पष्टच सांगतो.

मर्यादा आहे ती नव्या डब्याला. २०१६ चे केंद्राचे नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. घरगुती आणि सजावटीच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या वर चालत नाही, म्हणजे किलोमागे ९० मिलिग्रॅम. तुमच्या खिडकीवरचे खालचे थर बहुतेक त्याआधीचे असणार. पिवळा रंग झळझळीत दिसावा म्हणून त्यात लेड क्रोमेट हे शिशाचं रंगद्रव्य घालत, लवकर वाळावा म्हणून ड्रायरमध्येही शिसं असे. लोखंडाला मारायचा जुना शेंदरी प्रायमर म्हणजे तर शेंदूरच, शिशाचं ऑक्साइड. त्यात शिशाच्या रंगाची चव गोडसर असते, त्यामुळे मूल परत परत तिथेच जातं.

पापुद्र्यांपेक्षा मला धुळीची काळजी जास्त वाटते. खिडकी उघडताना-लावताना चौकटीत रंग घासून बारीक पीठ पडतं. आमचा मोठा रांगत होता तेव्हा मी घरचे दरवाजे पॉलिश पेपरने कोरडेच घासून घेतले. संध्याकाळी पाहतो तर फरशीवरच्या धुळीत त्याच्या गुडघ्यांच्या दोन स्वच्छ रेघा, आणि धूळ त्याच्या तळव्यांवर. रंगाच्या धंद्यातला माणूस असून मी हे केलं, ते अजून टोचतं.

म्हणून कोरडं घासू देऊ नका, पेंटर कितीही म्हणाला तरी. पाणी मारून ओलं खरवडायचं, खाली प्लास्टिक अंथरायचं, काम संपून फरशी दोनदा ओल्या फडक्याने पुसेपर्यंत मुलीला दुसरीकडे ठेवायचं. नवा डबा घेताना शिशाचा उल्लेख लेबलवर वाचा. कारखान्यातला उरलेला रंग स्वस्तात मिळतो म्हणून ग्रिलला मारू नका. शिशाच्या मर्यादेचे ते २०१६ चे नियम औद्योगिक रंगांना लागू नाहीत.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, त्या मानकात शिशाचीही तपासणी येते. नोंदणीकृत हस्तकारागिरांना यातून सूट आहे, तेव्हा लाकडी रंगीत खेळणं घेताना रंग कोणता वापरलाय ते विचारा.

मुलीला बालरोगतज्ज्ञांकडे न्या आणि रक्तातल्या शिशाची तपासणी करायची का ते विचारा. लहान मुलांचं शरीर मोठ्यांच्या चार-पाच पट शिसं शोषून घेतं, आणि रक्तात अमुक इतकं शिसं चालेल असा सुरक्षित आकडा जागतिक आरोग्य संघटना देत नाही. घरमालक रंगकाम करून देईपर्यंत सुटलेल्या भागावर रुंद चिकटपट्टी लावा, आणि तिचा पलंग खिडकीला लागून असेल तर आजच सरकवा.