कळलावी गडग्यावरच बरी

प्रश्न : आमच्या घरामागच्या गडग्यावर दर श्रावणात कळलावी फुलते. पुतण्याने मोबाइलवर वाचलं की तिच्या कंदातलं रसायन पेशींचं विभाजन थांबवतं. सासूबाईंच्या छातीत गाठ लागतेय. कंद उगाळून चिमूटभर दिला तर? शेजारी म्हणतात, उकळला की विष उतरतं.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : ताई, कंदाला हात लावू नका आणि सासूबाईंना आधी डॉक्टरांकडे न्या. बाकीचं मागाहून वाचलंत तरी चालेल.

पुतण्याने वाचलं ते खोटं नाही, अर्धं आहे. ते रसायन म्हणजे कोल्चिसिन. पेशी विभागताना गुणसूत्रांना दोन टोकांकडे ओढणारे बारीक धागे तयार होतात. ते ज्या प्रथिनाचे बनतात त्या ट्यूब्युलिनलाच कोल्चिसिन चिकटतं, मग धागे जुळतच नाहीत. कॉलेजात शिकवत होतो तेव्हा पोरांकडून कांद्याची कोवळी मुळं या द्रावणात ठेवून स्लाइड करून घ्यायचो. रंग चढला की आखडून जाड झालेली गुणसूत्रं पेशीत मधेच विखुरलेली दिसायची, ना इकडे ना तिकडे.

पण गाठ कुठली आणि अंग कुठलं, हे त्याला कळत नाही. आतड्याचं अस्तर, हाडांतला मगज, केसांची मुळं, जिथे पेशी भराभर वाढतात तिथे ते आधी घाला घालतं. कंद पोटात गेला की काही तासांत उलट्या-जुलाब, मग काही दिवसांत रक्तातल्या पेशी घसरतात. त्यातून वाचलेल्याचे केसही पुढे झडतात. यावर हमखास उतारा नाही. उकळूनही ते जात नाही. सुरणाची खाज आणि हे विष एक नव्हे. गाउटवर, म्हणजे सांधे सुजून ठणकतात त्या दुखण्यावर, कोल्चिसिनची गोळी देतात ती अर्ध्या मिलिग्रॅमची, तीही डॉक्टर मोजूनमापून देतात. तुमच्या चिमटीत किती, कोण सांगणार?

कॅन्सरवर चालतात ती सदाफुलीतली व्हिन्क्रिस्टिन, व्हिन्ब्लास्टिन. तीही ट्यूब्युलिनवरच काम करतात, पण शुद्ध करून, शिरेतून. (म्हणून उद्या सदाफुलीचा पाला वाटायला घेऊ नका!)

वेल उपटायची गरज नाही. फक्त कणगी (आपला खायचा कंद) त्या गडग्यापासून लांब लावा. कणगी खणायच्या वेळेला कळलावी वाळून गेलेली असते, वरून काही कळत नाही आणि कंदाची गफलत होते. चुकून कुणी खाल्लाच, तर उलटीची वाट बघत बसू नका. उरलेला तुकडा सोबत घेऊन थेट इस्पितळ गाठा.