कळ किती वेळ टिकते?

प्रश्न : द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की माझे दात आंबतात. वरच्या डाव्या बाजूला गार पाणी लागलं की कळ जाते. कीड दिसत नाही. घरचे म्हणतात, नस उघडी पडली, रूट कॅनाल करून टाका. करावं का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : आधी सांगा, गार पाणी गिळल्यावर कळ किती वेळ टिकते? दोन-चार सेकंदांत थांबत असेल तर रूट कॅनालची घाई करू नका. तुमचं बहुधा डेंटिन उघडं पडलंय, नस नाही.

एनॅमल म्हणजे दातावरचं कठीण पांढरं आवरण; त्याच्या खालचा पिवळसर थर म्हणजे डेंटिन. त्यात अतिसूक्ष्म नलिका असतात. आतल्या बाजूला एका चौरस मिलिमीटरमध्ये साधारण 45,000 ते 65,000. आपण जिला नस म्हणतो ती पल्प, म्हणजे रक्तवाहिन्या, नसा आणि मऊ ऊती. तिच्या कडेच्या पेशी डेंटिन बनवतात आणि त्यांची शेपटं या नलिकांमध्ये शिरलेली असतात. गार पाणी लागलं की नलिकांतला द्रव सरकतो, आतल्या नसांना ओढ बसते आणि सणक जाते.

हिरडी दातावरून मागे सरकली की मुळावरचं पातळ आवरण ब्रशने झिजतं. उजव्या हाताने जोर लावणाऱ्यांची डावी बाजू बऱ्याचदा जास्त झिजलेली असते. त्यात द्राक्षांचं आम्ल नलिकांची तोंडं मोकळी करतं. म्हणून द्राक्षं खाल्ल्यावर साध्या पाण्याने चूळ भरा आणि निदान अर्धा तास ब्रश लावू नका; आम्लाने मऊ झालेला थर लगेच घासला जातो. मऊ ब्रश घ्या, 5 टक्के पोटॅशियम नायट्रेटची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा. फरक पडायला 2 ते 4 आठवडे लागतात. आठ दिवसांत कंटाळून सोडू नका. मिश्री लावत असाल तर ती आजच बंद करा. दाताच्या मानेशी खाच पडली असेल तर ती भरून घ्यावी लागेल.

कळ अर्धा मिनिट उलटूनही राहते, गरम चहाने ठणका उठतो, रात्री आडवं झाल्यावर वाढतो, असं असेल तर मात्र थांबू नका. पल्प चारी बाजूंनी कठीण भिंतींत कोंडलेली असते. सुजली तर फुगायला जागा नाही. दाब वाढतो, रक्तपुरवठा तुटत जातो. असा ठणका एक दिवस आपोआप थांबला तर दात बरा झाला असं समजू नका. बहुतेक वेळा पल्प मेलेली असते आणि संसर्ग मुळाच्या टोकाकडे सरकतो.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाचा पुढचा दात तुटला. आत गुलाबी ठिपका दिसतो. नस काढावीच लागेल का?
– एक पालक, सिडको, नाशिक

उत्तर : लगेच नाही. या वयात वरच्या पुढच्या दाताचं मूळ अजून पूर्ण झालेलं नसतं आणि ते पूर्ण करण्याचं काम पल्पच करते. पल्पचा उघडा पडलेला सुमारे 2 मिलिमीटर भाग काढून त्यावर कॅल्शियम हायड्रॉक्साइड किंवा एमटीए (दातासाठीचं एक खास सिमेंट) लावतात. उरलेली पल्प जगली तर मूळ वाढत राहतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा, ठिपक्याला काहीही टोचू नका, लवंगतेलही लावू नका. तुकडा सापडला तर पाण्यात ठेवून सोबत न्या, बऱ्याचदा तोच चिकटवता येतो.