सहा महिन्यांची बॅग आणि कैरीचं लोणचं

चाळीसगावच्या मित्राचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी सोडून सहा महिने बाहेर पडतोय. आधी थायलंड, लाओस, व्हिएतनाम आणि मग शारजामार्गे जॉर्जिया, तिथं पोचेपर्यंत नोव्हेंबर उजाडेल. बॅग किती लिटरची घेऊ, कपडे किती नेऊ, आणि आई घरचं खायला भरून द्यायला बसलीय तिचं काय करू? वय सव्वीस लिहिलंयस म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नको.

४० लिटर. फार तर ४५. सहा महिने म्हणून ७० लिटरची घेतलीस तर ती भरतेच, कारण रिकामी जागा आपल्या माणसांना बघवत नाही. दोन महिन्यांना आणि दोन वर्षांना बॅग एकच लागते. आठवडाभराचे कपडे घ्यायचे आणि ते धूत राहायचं.

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या खेपेला जळगावहून निघालो तेव्हा पाठीवर ६५ लिटरची बॅग होती, वजन १९ किलो. भुसावळला गाडी बदलायची होती. पुलाच्या पायऱ्या चढताना शेजारचे एक बाबा म्हणाले, "कोठे चालना रे भाऊ, इतलं वझं लिसन?" तेव्हा हसलो. पंधरा दिवसांनी लाओसमध्ये रडकुंडीला आलो. थायलंडच्या सीमेवरून लुआंग प्राबांगला जाणारी संथ बोट मेकाँगमधून दोन दिवस जाते आणि रात्रीचा मुक्काम पाकबेंगला असतो. अंधार पडता पडता बोट लागली. धक्का असा नाहीच, समोर रेताड, उभा चढ. मधे पाय घसरला आणि मी बॅगेसकट बसलो. खोलीत जाऊन बघतो तर लोणच्याच्या बरणीचं झाकण निघालेलं. कैरीचं लोणचं, वर चार बोटं तेल. पांढरा शर्ट, दोन बनियन, जीन्स, पासपोर्टच्या झेरॉक्स, सगळं पिवळंधमक. जीन्स तर चार दिवस वाळली नाही आणि तिचा वास व्हिएतनामपर्यंत गेला नाही.

म्हणून जीन्स नको. जड असते, हिवाळ्यात वाळत नाही. माझी आताची यादी: तीन टीशर्ट, एक पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट (देवळांत आणि उन्हात, दोन्हीकडे कामाला येतो), दोन पातळ पँटी, एक हाफ पँट, आतले कपडे पाच-सहा जोड, मोजे तीन. टॉवेलऐवजी पंचा. बाजारात मिळणाऱ्या त्या महागड्या झटपट वाळणाऱ्या टॉवेलचं मला कधी पटलं नाही, पंचा तितकाच लवकर वाळतो आणि डोक्यालाही गुंडाळता येतो. आग्नेय आशियात किलोवर कपडे धुऊन देणारे गल्लोगल्ली असतात. तरी साबणाची अर्धी वडी आणि चार मीटर नायलॉनची दोरी ठेव.

जॉर्जियाच्या थंडीचं आपण खान्देशातले लोक फार मनावर घेतो. पंचेचाळीस अंशांत वाढलेला माणूस थंडी म्हटलं की आधी जाड स्वेटर शोधतो. तसं करू नकोस. अंगाला चिकटणारा थर्मल, वर हलकं फ्लीस (मऊ, लवदार कापडाचं जाकीट), त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. हे तीन थर मिळून त्या एका स्वेटरपेक्षा जास्त ऊब देतात, कारण ऊब थरांमधल्या अडकलेल्या हवेची असते. थर्मल आणि जाकीट इथून ने. फ्लीस, टोपी, हातमोजे जॉर्जियाच्या राजधानीत, तिबिलीसीतच घे, तिथं जुन्या कपड्यांची दुकानं भरपूर आहेत. चार महिने उन्हात ते पाठीवर कशाला वाहायचं?

बॅग ऑनलाइन मागवू नकोस, पाठीला लावून घे. मान खाली वाकवली की मागे जे हाड वर येतं तिथून कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर म्हणजे तुझ्या पाठीची लांबी. बॅग त्या मापाची हवी, तुझ्या उंचीची नव्हे. दुकानात दहा किलोचं काहीतरी आत घालून बघ. पट्टा पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, म्हणजे बराचसा भार खांद्यावरून कमरेवर उतरतो. चेन सुटकेससारखी पूर्ण उघडणारी असू दे. वरून तोंड असलेल्या बॅगेत मोजा नेहमी तळाशीच सापडतो. भरताना हलकं खाली, जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध. आणि आत एक जाड प्लास्टिकची पिशवी घालून तिच्यात सगळं भर, कारण पावसाचं कव्हर पाठीच्या बाजूनं शिरणारं पाणी अडवत नाही.

आता विमान. तिकडच्या स्वस्त कंपन्यांत हातातल्या सामानाची मर्यादा बहुधा ७ किलो असते. सगळं मिळून ९ किलोच्या आत ठेव, त्यातलं जाकीट अंगात घाल, चार्जर आणि पॉवर बँक जाकिटाच्या खिशात, म्हणजे बॅग सातच्या जवळ येते. पॉवर बँक कधीच चेक-इन करायची नाही आणि १०० वॉट-अवरच्या आतली घ्यायची, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचची चालते, ती ७४ ची असते. फोनचा आपला दोन पिनांचा चार्जर थायलंड, व्हिएतनाम, जॉर्जिया सगळीकडे बसतो. शारजात, मलेशियात किंवा सिंगापुरात फोन चार्ज करावा लागणार असेल तरच अॅडॉप्टर घे. औषधं स्ट्रिपमधून काढून डबीत भरू नकोस, डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेव. झोपेच्या किंवा जबर वेदनांच्या गोळ्या, कोडीनचं खोकल्याचं औषध आखाती देशांत महागात पडू शकतं. पैसे दोन कार्डांवर, कार्डं दोन ठिकाणी. पासपोर्ट साइज फोटो दहा-बारा, बाकी कागदांचं तुला माहीत असेलच.

राहिली आई. तू शारजामार्गे जाणार, म्हणून हे नीट वाच. आपल्या काळ्या मसाल्यात बरेच जण खसखस घालतात आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखशीवर बंदी आहे. विमान बदलण्यापुरताच थांबणार असलास तरी ती जोखीम घेऊ नकोस. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही नकोत, तेलकट असल्यानं ते आपोआप पेट घेणाऱ्या मालात मोडतं. लोणचं हातातल्या सामानात चालत नाही, आणि चेक-इनमध्ये काय होतं ते वर सांगितलंच. बिबडे (आपले ज्वारीचे पापड) नेलेस तर पोचेपर्यंत त्यांचा चुरा होतो.

पण "काहीच नको" असंही म्हणू नकोस. ती मग गुपचूप काहीतरी कोपऱ्यात सरकवते आणि ते तुला विमानतळावर कळतं. त्यापेक्षा सांग की खसखस न घालता पाव किलो मसाला करून दे. तो दोन पिशव्यांत घालून हवा काढून बंद कर, वर मराठीत आणि इंग्रजीत "मसाला" लिहून चिकटव. तिबिलीसीच्या हॉस्टेलात स्वयंपाकघर असतं, अंडी आणि बटाटे कुठंही मिळतात. माझा अंड्याचा रस्सा शिजत होता तेव्हा एक पोलिश मुलगा खिडकी उघडायला आला आणि मग ताटली घेऊन बसला.

निघण्याआधी एक कर. बॅग पूर्ण भर आणि पाटणादेवीला जा, तुला तर जवळच आहे. ती पाठीवर घेऊन दोन तास जंगलात चाल. परत आलास की वजन इथं लिही. ९ च्या वर असेल तर काय काय भरलंयस तेही लिही, मी काढायला सांगतो.