व्हील ‘मेलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: दिवाळीच्या पैशांत भर घालून रेसिंग गेमसाठी स्टिअरिंग व्हील घेतलंस, गेल्या आठवड्यातल्या गेमच्या अपडेटनंतर ते ‘मेलं’, रात्री दीड वाजता गेमच्या कंपनीला सहा परिच्छेद लिहिलेस, उत्तर आलं नाही. मग त्यांच्या एका डेव्हलपरला नाव घेऊन अकरा वेळा टॅग केलंस आणि त्याने तुला ब्लॉक केलं. आता विचारतोयस की चाहत्यांनी टीका करायचीच नाही का, आणि करायची तर कशी.

करायची, अगदी जोरात करायची. पैसे मोजलेत, त्यामुळे ‘आवडत नसेल तर खेळू नका’ म्हणणाऱ्यांकडे लक्ष देऊ नकोस. पण तू खाली चिकटवलेले सहाही परिच्छेद मी वाचले. त्यांत ‘मेलं’ हा शब्द नऊ वेळा आहे आणि व्हीलचं मॉडेल एकदाही नाही.

माझ्या मामाचं नाना पेठेत दुचाकींचं गॅरेज होतं. शाळेच्या सुट्टीत मी तिथे पाने पुसायला बसायचो. एक बँकेतले साहेब यायचे, ते स्कूटर स्टँडला लावायच्या आतच सांगायचे, “कार्बोरेटर साफ करून टाक.” मामाने दोनदा साफ केला, दोनदा पैसे घेतले, स्कूटर तशीच. शेवटी मामा स्वतः ती कात्रजच्या घाटात घेऊन गेला तेव्हा कळलं, क्लच प्लेट घसरत होत्या. चढाला इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. साहेबांना हे रोज जाणवत असणार, पण सांगितलं कधीच नाही. ते थेट निदान घेऊन यायचे. उलट शनिवार पेठेतल्या एक बाई, ज्यांना प्लग कुठे असतो हेही ठाऊक नव्हतं, त्या म्हणाल्या, “रात्री पाऊस झाला की सकाळी सुरू होत नाही. दुपारी आपोआप होते. पाऊस नसला तर काही तक्रार नाही.” मामाने प्लगची टोपी बदलली. पाच मिनिटांचं काम.

बाईंनी लक्षण सांगितलं, साहेबांनी औषध. मी अकरा वर्षं हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत साहेबांचंच बहुमत असतं.

तुझ्या पत्रात औषध कुठलं होतं? ‘फोर्स फीडबॅक वाढवा.’ फोर्स फीडबॅक म्हणजे व्हीलमधली मोटर हाताला जो उलटा जोर देते तो. आता हे नीट बघू, कारण इथेच गंमत आहे. तुझं व्हील गियरवालं असेल तर त्याची मोटर सुमारे २ न्यूटन-मीटर जोर लावू शकते. गेम त्याहून जास्त जोर मागायला लागला की मोटर आपल्या कमाल मर्यादेला जाऊन बसते आणि तिथेच राहते. म्हणजे लांब वळणावर टायर पकड सोडतोय, कर्ब (ट्रॅकच्या कडेची पट्टी) लागतोय, रस्त्याला उंचवटा आहे, हे सगळं हाताला एकसारखंच लागतं. याला क्लिपिंग म्हणतात. गणपतीत स्पीकरच्या भिंतीचा आवाज पूर्ण वाढवला की ढोल कुठला, ताशा कुठला आणि गाणं कुठलं, काही कळत नाही, छातीत फक्त धडधडतं, तसंच. तुझं व्हील ‘मेलं’ ते यामुळे असेल तर जोर वाढवून ते आणखी मरेल. गेन, म्हणजे त्या जोराचं सेटिंग, कमी करून बघ, कदाचित उठून बसेल.

कदाचित म्हणतोय, कारण दुसरी कारणंही असू शकतात. अपडेटने तुझं जुनं प्रोफाइल पुसून मूळ सेटिंग आणलं असेल. व्हील ९०० अंश फिरतंय आणि गेमने ५४० धरले असतील. व्हीलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने त्याच आठवड्यात फर्मवेअर (व्हीलच्या आतला प्रोग्राम) बदललं असेल. फ्रेम रेट (सेकंदाला दिसणारी चित्रं) पडल्यामुळे स्टिअरिंग उशिरा प्रतिसाद देत असेल. किंवा खरोखरच त्यांनी टायरचं गणित बदललं असेल. या प्रत्येकाचा शेवट ‘व्हील मेलं’ असाच होतो, आणि वाचणाऱ्या माणसाकडे त्या दिवशी अशा दोनशे चिठ्ठ्या असतात.

म्हणून आधी स्वतः कात्रजला जाऊन ये. एक गाडी, एक ट्रॅक, तेवढंच इंधन, तोच टायर प्रेशर, दहा लॅप. मग एकच गोष्ट बदल आणि पुन्हा दहा लॅप. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर दोन्ही वाया. जुन्या व्हर्जनवर परत जाता येत नसेल तर जुना रिप्ले किंवा रेकॉर्ड केलेला व्हिडिओ शोध. मग ज्याच्याकडे वेगळ्या कंपनीचं व्हील आहे अशा एकाला तेच करायला सांग. त्यालाही तेच जाणवलं तर दोष गेमचा असण्याची शक्यता वाढली. नाही जाणवलं तर आधी आपल्या टेबलाखाली वाकून बघायचं.

मग लिहायचं. मी असं लिहीन: ‘अमुक व्हर्जनपासून, पीसीवर, अमुक व्हील, गेन ७५, रोटेशन ९००. अमुक ट्रॅकच्या तिसऱ्या वळणावर डावा कर्ब तिसऱ्या गियरमध्ये घेतला की आधी हाताला झटके यायचे, आता एकसलग ताण येतो. गेन ५० केला तरी तेच. दहापैकी दहा वेळा होतं. दुसऱ्या व्हीलवरही झालं. वीस सेकंदांचा व्हिडिओ सोबत.’ एवढंच. इंग्रजी कच्चं आहे म्हणून लाजायचं कारण नाही, व्हिडिओला व्याकरण लागत नाही. आणि कृपा करून टोमणे नकोत. आपण पुण्याचे, दारावरच्या पाटीत चार शब्दांत माणसाचा पाणउतारा करता येतो याचा आपल्याला अभिमान आहे, पण ती पाटी वाचणारा दारात उभा असतो आणि मराठी असतो. तुझं पत्र बहुधा भाषांतराच्या यंत्रातून जाईल. ‘वा, काय अप्रतिम अपडेट’ हे तिकडे शब्दशः कौतुक म्हणून नोंदलं गेलं तर तक्रार कोणाकडे करणार?

‘रिअलिस्टिक नाही’ हा शब्दही वगळ. आपल्यापैकी किती जणांनी जीटी-थ्री वर्गाची रेसिंग गाडी चालवली आहे? माझा कमाल अनुभव म्हणजे एक्सप्रेसवेवर जुनी हॅचबॅक, तीही शंभरच्या मर्यादेत, शेजारी बायको. खरेपणाबद्दल बोलायचं तर मोजता येईल असं काही धर. ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट ५.१२५ किलोमीटरचा आहे, आणि तिथल्या २०११ च्या एफ-वन शर्यतीत सेबास्टियन फेटेलचा सर्वांत वेगवान लॅप १ मिनिट २७.२४९ सेकंदांचा होता. तुझ्या गेममध्ये त्याच काळातल्या एफ-वन गाडीने, शर्यतीइतकं इंधन भरून, तुझ्यामाझ्यासारखा माणूस १ मिनिट २२ काढत असेल तर पकड जास्त दिली आहे असं म्हणायला जागा आहे. ‘मला वाटतं’पेक्षा हा मुद्दा खोडून काढायला त्यांना कष्ट पडतील.

मीही यात एकदा तोंडावर आपटलोय. एका सिम्युलेटरच्या निर्मात्यांना (नाव नको, चूक माझीच होती) मी दोन पानी निबंध लिहिला होता की ब्रेक मारला की गाडीचा मागचा भाग फिरतो, तुम्हाला वजनाचं स्थलांतर कळत नाही, वगैरे. आकृतीसुद्धा काढली होती. एका ओळीत उत्तर आलं: तुमचा ब्रेक बायस किती आहे? म्हणजे ब्रेकचा जोर पुढच्या आणि मागच्या चाकांत कसा वाटला आहे. बघितलं तर मीच कधीतरी दुसऱ्या गाडीचं सेटअप लोड करून ठेवलं होतं आणि अर्धा ब्रेक मागे गेला होता. ती आकृती अजून माझ्याकडे आहे.

आता दुसरी बाजू. सगळ्याच तक्रारी गॅरेजच्या नसतात. काही तक्रारी गल्ल्याच्या असतात, आणि तिथे सौम्यपणे लक्षणं सांगत बसायची गरज नाही.

ग्रान टुरिस्मो ७ या रेसिंग गेमचं उदाहरण घे. गेम ४ मार्च २०२२ ला आला. दोन आठवडे व्हायच्या आत १.०७ अपडेटच्या वेळी सर्व्हर तीस तासांहून जास्त बंद राहिला, आणि गेमच्या बहुतेक भागाला सतत इंटरनेट लागत असल्यामुळे डिस्क विकत घेतलेले लोकही हात चोळत बसले. शिवाय त्याच अपडेटमध्ये बऱ्याच शर्यतींची बक्षिसं कापली गेली. लोक चिडले, शिव्याही दिल्या, पण भारी पडला तो हिशोब. २० लाख क्रेडिट (गेममधलं चलन) खऱ्या पैशांत २० डॉलरला, आणि पोर्शे ९१९ हायब्रिड ३० लाखांची. म्हणजे सरळ त्रैराशिकाने पूर्ण किमतीच्या गेममध्ये एका गाडीचे ३० डॉलर. नाहीतर कापलेल्या बक्षिसांवर किती रात्री घासायच्या ते मोजा. हे आकडे बातम्यांत गेले, मेटाक्रिटिक या रिव्ह्यू गोळा करणाऱ्या साइटवरचा खेळाडूंचा स्कोअर रसातळाला गेला. गाडीच्या किमतीतून तिचं मोल कळायला हवं, असं गेमचे निर्माते काझुनोरी यामाउची आधी समजावत होते. २५ मार्चला त्यांनी माफी मागितली, १० लाख क्रेडिट फुकट दिले आणि एप्रिलमध्ये बक्षिसं वाढवली. इथे गर्दीचा उपयोग झाला, कारण सगळी गर्दी एकाच आकड्याकडे बोट दाखवत होती.

फोर्झा मोटरस्पोर्ट या दुसऱ्या रेसिंग गेममध्ये प्रकरण जरा वेगळं होतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये गेम आला तेव्हा प्रत्येक गाडी चालवून चालवून तिची लेव्हल वाढवल्याशिवाय तिचे पार्ट बसवता येत नव्हते. ही चूक नव्हती, कोणीतरी मीटिंगमध्ये बसून ठरवलेली गोष्ट होती. अशा वेळी ‘बग आहे’ म्हणून ओरडलास तर ते ‘नाही’ म्हणून मोकळे होतात. तिथे आपली संध्याकाळ सांगायची: मित्र नऊला ऑनलाइन येणार, गाडी मी घेतली आहे, क्रेडिट आहेत, तरी तिच्यात स्पर्धेपुरते पार्ट बसवायला मला आधी काही तास एकट्याने फिरवावी लागते. मार्च २०२४ मध्ये त्यांनी पद्धत बदलली आणि पार्ट क्रेडिट देऊन घेता येऊ लागले. पाच महिने लागले. रचनेतला निर्णय फिरवायला इतका वेळ लागतोच, हे धरून चाल.

आणि काही तक्रारी डेव्हलपरकडे न्यायच्याच नसतात. द क्रू हा २०१४ चा रेसिंग गेम युबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला सर्व्हरसकट बंद केला; एकट्याने खेळायलाही सर्व्हर लागत होता, त्यामुळे विकत घेतलेला गेम शून्य झाला. टायरचं गणित लिहिणाऱ्या माणसाला यावर टॅग करून काय मिळणार होतं? रॉस स्कॉट या यूट्यूबरने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली, ती ग्राहकहक्काच्या दाराने नेली, आणि युरोपियन युनियनमधल्या नागरिकांच्या अर्जावर जुलै २०२५ पर्यंत १० लाखांहून जास्त सह्या झाल्या. मधल्या काळात युबिसॉफ्टने द क्रू २ ला ऑफलाइन मोड देऊ असं जाहीर केलं.

हे सगळं सांगतोय ते त्या ब्लॉकसाठी. तू ज्याला अकरा वेळा टॅग केलंस तो, त्याच्या पानावरून दिसतं तसं, गाड्यांचे आवाज करतो. मामाच्या गॅरेजमध्ये पंक्चर काढणाऱ्या पोराला कोणी बिलावरून झापलं की मामा पाना टाकून उठायचा. एकदा अकरा मेसेज केलेस की बारावा कितीही बरोबर असला तरी तो वाचणारा कोणी उरत नाही. त्याला दुसऱ्या खात्यावरून माफीचा मेसेज वगैरे पाठवू नकोस, तोही बारावाच होईल. बग नोंदवायची जी अधिकृत जागा आहे तिथे लिही.

भारतातल्या सर्व्हरचं तू शेवटी ओझरतं लिहिलंयस, त्यावर ओझरतंच उत्तर. आमच्या ग्रुपने एका गेमसाठी दोन आठवडे रोज रात्री नऊ ते अकरा पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन यायला लागणारा वेळ) लिहून काढला होता, चौदा जण, तीन वेगवेगळी इंटरनेट कनेक्शन. तक्ता करून पाठवला. आभाराचं पत्र आलं, सर्व्हर आला नाही. पण त्या तक्त्यामुळे एक कळलं की आमच्यातल्या चौघांचा प्रॉब्लेम घरच्या वायफायचा होता.

स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर रिव्ह्यू लिहायचा तर तोही लिही. किती तास खेळलास ते तिथे आपोआप दिसतं, त्यामुळे शंभर तासांनंतरची नाराजी वजनाने वाचली जाते. गेमशी संबंध नसलेल्या भांडणांतून आलेली रिव्ह्यूंची लाट स्टीमची मालक कंपनी वाल्व्ह २०१९ पासून स्कोअरमधून वगळतं, तेव्हा गेमबद्दलच लिही. दुरुस्ती झाली तर परत जाऊन रिव्ह्यू बदल. हे फार कमी लोक करतात. पुढच्या वेळेसाठी: स्टीमवर घेतलेला गेम दोन तासांहून कमी खेळून, घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत परत केलास तर पैसे मिळतात. रिफंडचा अर्ज कंपनीत जितक्या काळजीने वाचत असतील तितका आपला कुठलाच परिच्छेद वाचत नसतील.

तर आज रात्री गेन ५० वर आणून दहा लॅप मार आणि काय होतं ते इथेच लिही, व्हर्जन नंबरसकट. फरक पडला नाही तर शनिवारी दुपारी वारज्याला ये, माझ्याकडे वेगळ्या कंपनीचं व्हील आहे, दोन्ही शेजारी लावून बघू. पेडल मात्र तुझी घेऊन ये. माझ्या पेडलची केबल उंदराने कुरतडली आहे, आणि त्याची तक्रार कुठे करायची ते मलाही अजून सापडलेलं नाही.