जड पाण्याची प्रश्नोत्तरे: पांढरं पुट, खडखडणारा गिझर आणि तपकिरी पाण्याचा खेळ

टँकर सुरू झाले, बोअरची मोटर जास्त वेळ चालायला लागली की माझ्याकडे येणारे प्रश्न एकाच चवीचे होतात. बादलीला पांढरं पुट, साबणाला फेस नाही, गिझर खडखडतो. विचारणाऱ्याने तोवर शेजाऱ्याचं ऐकलेलं असतं, यूट्यूबचं ऐकलेलं असतं, आणि बहुतेक वेळा विक्रेत्याला ॲडव्हान्सही देऊन झालेला असतो. यंदाचे प्रश्न एकत्रच घेतो.

सोसायटीत टँकर आणि बोअरचं मिश्र पाणी येतं. एका कंपनीच्या माणसाने आमच्या पाण्यात दोन सळ्या बुडवून मशीन लावलं, दोन मिनिटांत पाणी गटारासारखं तपकिरी झालं. त्याच्या आरओचं पाणी मात्र स्वच्छ राहिलं. मीटरवर टीडीएस 820 दिसला. तो सॉफ्टनर आणि आरओ दोन्ही घ्या म्हणतो. घ्यावं का? (वाघोली, पुणे)

तो तपकिरी रंग तुमच्या पाण्यातला नाही, त्याच्या सळीतला आहे. एक सळी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, त्यामुळे वीज वाहत नाही आणि पाणी तसंच राहतं. पुढच्या वेळी आला तर त्याच्याच आरओच्या पाण्यात दोन चिमटी मीठ टाका आणि पुन्हा खेळ करायला सांगा. बॅग आवरायला लागेल.

आता मीटरचं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेलं सगळं, त्यात साधं मीठही आलं. जडपणा फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचा. आपल्या आयएस 10500 या मानकात जडपणासाठी लिटरला 200 मिलिग्रॅम ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600. टीडीएससाठी हेच आकडे 500 आणि 2000 आहेत. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडियम सोडतो, म्हणजे टीडीएस जिथल्या तिथेच. सॉफ्टनर बसवल्यावर मीटर बुडवून ‘आकडा उतरला नाही’ म्हणून भांडणारे लोक मला महिन्याला दोन तरी भेटतात. तुमच्या 820 मध्ये जडपणा किती, हे प्रयोगशाळाच सांगेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत किंवा मान्यताप्राप्त खासगी ठिकाणी नमुना द्या, रिपोर्टमधला ‘टोटल हार्डनेस’चा रकाना बघा, मग मशीनचं बोलू.

सॉफ्टनरचं पाणी प्यायलं तर चालतं का? (पिंपरी)

स्वयंपाकघराची लाइन वेगळी ठेवा. 500 जडपणाचं पाणी पूर्ण मऊ केलं तर लिटरमागे साधारण 230 मिलिग्रॅम सोडियम वाढतं. घरात रक्तदाबाचा, हृदयाचा किंवा किडनीचा रुग्ण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तुरटी फिरवली की क्षार कमी होतात ना? (जालना)

नाही. तुरटीने गढूळपणा खाली बसतो.

जुन्या घरी तूरडाळ चार शिट्ट्यांत व्हायची. नव्या घरी बोअरचं पाणी आहे, आठ शिट्ट्या देऊनही दाणा अख्खा राहतो. (लातूर)

डाळीच्या पेशींना एकमेकींशी जोडून ठेवणारं पेक्टिन नावाचं द्रव्य असतं. पाण्यातलं कॅल्शियम त्याला आणखी घट्ट करतं, म्हणून दाणा फुटत नाही. रात्री पातेलंभर पाणी दहा मिनिटं खळखळून उकळा, झाकून ठेवा आणि सकाळी न हलवता वरचं पाणी डाळीला घ्या. तळाशी पिठासारखा पांढरा गाळ दिसला तर उपाय लागू पडला. गाळ बसला नाही आणि डाळही शिजली नाही, तर तुमचा जडपणा उकळून न जाणाऱ्या जातीचा आहे. मग डाळीपुरतं पिण्याच्या फिल्टरचं पाणी वापरा. सोडा चिमूटभर ठीक, पण रोज नको. दाणा मऊ होतो आणि बी-1 जीवनसत्त्व जातं. आणि डाळ दोन वर्षांची जुनी असेल तर पाण्याला बोल लावू नका.

जड पाण्याने मुतखडा होतो असं सगळेच म्हणतात. (अमरावती)

सगळे म्हणतात, पण तसं ठामपणे सिद्ध झालेलं नाही. पाणी बेचव लागतं म्हणून कमी पिणं हे मात्र नक्की वाईट. आधी खडा होऊन गेला असेल तर पाण्याचा रिपोर्ट घेऊन युरॉलॉजिस्टकडे जा, ते तुमचा आहार आणि लघवीची तपासणी बघून सांगतील. मला बोअरच्या पाण्यात जडपणापेक्षा फ्लोराइड आणि नायट्रेटची काळजी जास्त वाटते. ते ना चवीला कळतात, ना टीडीएस मीटरला. तपासायला देताना हे दोन रकाने मुद्दाम मागून घ्या.

बाथरूमच्या फरशीवरचे पांढरे डाग काढायला ॲसिड ओतलं. भरपूर फेस आला, डाग गेले, पण फरशी खडबडीत झाली. (सोलापूर)

फरशी शहाबादी असणार. शहाबादी काय, कोटा काय, दोन्ही मुळात चुनखडकच. डाग कुठे संपला आणि फरशी कुठे सुरू झाली हे ॲसिडला कळत नाही. तो भरपूर फेस तुमच्या फरशीचाच होता. असल्या दगडावर ॲसिड नको, व्हिनेगर नको, लिंबूही नको. आंघोळीनंतर वायपर मारून कोरडी ठेवा, इतकंच. शॉवरची जाळी आणि नळाची चाळणी मात्र काढून लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्व घालून अर्धा तास बुडवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. आणि ॲसिड ओतलेल्या जागी ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं लिक्विड कधीही टाकू नका. क्लोरीन वायू सुटतो आणि बाथरूमचं दार बहुधा बंद असतं. चुकून झालंच तर आधी बाहेर पडा, खोकला किंवा दम लागला तर डॉक्टर गाठा.

15 लिटरचा गिझर पाच वर्षांचा आहे. खडखड वाजतो, पाणी उशिरा तापतं. खालच्या व्हॉल्व्हमधून थेंब थेंब गळायचं, प्लंबरने तिथे बूच मारून दिलं, आता गळत नाही. सर्व्हिसिंग दिवाळीनंतर केलं तर चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

चालणार नाही. हे वाचून झालं की गिझरचा मेन स्विच बंद करा आणि बूच निघेपर्यंत चालू करू नका.

या एका विषयावर मी घरच्यांना कंटाळा येईपर्यंत बोलतो, तेव्हा तुम्हीही ऐकून घ्या. पाणी तापलं की फुगतं. 15 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 वर गेलं की जवळपास 200 मिलिलिटरने वाढतं, म्हणजे पेलाभर. गार पाण्याच्या तोंडाशी जो व्हॉल्व्ह असतो तो पाण्याला मागे गच्चीवरच्या टाकीकडे जाऊ देत नाही. मग हे पेलाभर पाणी जाणार कुठे? दाब वाढला की त्याच व्हॉल्व्हच्या बारीक तोंडातून ते बाहेर पडतं. तापताना चार थेंब पडणं हा बिघाड नाही, ते त्याचं काम आहे. फरशी ओली होते म्हणून तिथे बूच मारणं म्हणजे शिट्टी फार वाजते म्हणून कुकरच्या भोकात कणीक भरण्यासारखं. सतत धार लागत असेल तर व्हॉल्व्ह खराब आहे किंवा इमारतीचा प्रेशर पंप जास्त दाब देतोय. तेव्हा व्हॉल्व्ह बदलायचा असतो, पंपाचा दाब तपासायचा असतो.

जड पाण्यात तर प्लंबर नसला तरी क्षारच हळूहळू बूच तयार करतात. 500 जडपणाच्या शंभर लिटर पाण्यात चुन्याच्या हिशोबाने 50 ग्रॅम ऐवज विरघळलेला असतो. सगळा बसत नाही, पण जो बसतो तो सगळ्यात गरम जागी, म्हणजे कॉइलवर. गेल्या मे महिन्यात एका घरी गिझर उघडला तर कॉइल बाजरीच्या कणसाएवढी जाड झालेली, आणि तळातून अंड्याच्या टरफलासारख्या खपल्या निघाल्या, दीड तांब्या. तुमची खडखड हीच: थराखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि फुटते. कॉइलची उष्णता बाहेर पडत नाही, तिचं बाहेरचं आवरण तडकतं, आणि मग पाण्यात वीज उतरू शकते. थर्मोस्टॅटच्या नळीवरही थर चढला की त्याला तापमान उशिरा कळतं. म्हणजे वीज वेळेवर तोडणारा आंधळा आणि दाब सोडणारं तोंड बंद. अशाने टाकी फुटते.

कंपनीचा अधिकृत तंत्रज्ञ बोलवा. टाकी उघडून साफ करणं, नवा व्हॉल्व्ह, आणि आतली मॅग्नेशियमची सळई (टाकीऐवजी ती झिजते) किती उरली हे बघणं, एवढं करून घ्या. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) वेगळे तपासून घ्या. तुमच्या पाण्याला हे दरवर्षी लागेल. थर्मोस्टॅट 75 वर नको, 55 ते 60 पुरे. आणि ‘ॲसिड ओतून पाचशेत साफ करतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पाइपवर लोहचुंबक बसवला की पाणी मऊ होतं? (अहिल्यानगर)

होत नाही. बसवण्याआधी आणि नंतरचा प्रयोगशाळेचा हार्डनेस रिपोर्ट विक्रेत्याकडे मागा.

माझं माहेर सावंतवाडीकडचं. तिथे विहिरीच्या पाण्याने केस मऊ असायचे, इथे आल्यापासून केस गळतात. हेअर फिल्टर घेऊ का? (हडपसर)

कोकणातल्या जांभ्यातलं पाणी बहुतेक मऊ, इकडे काळ्या पाषाणातून झिरपलेलं बोअरचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं. फरक तुमच्या मनाचा नाही. जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांवर बसतो, केस राठ होतात, गुंततात, तुटतात. शिकेकाई-साबण सोडून शाम्पू वापरून बघा, शेवटचा तांब्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. नळाला लावायच्या त्या छोट्या डब्यात इतकं जड पाणी मऊ करण्याएवढा माल मावत नाही. मुळापासून गळत असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासायचं सोडून लोक वर्षभर पाण्याला शिव्या देत बसतात.

गच्चीवरचा सोलर हीटर तीन वर्षांत गार पडला. सपाट पॅनेल आहेत. (नाशिक)

सपाट पॅनेलमधल्या तांब्याच्या नळ्या बारीक असतात, जड पाण्यात त्या चोंदतात. अशा पाण्याला काचेच्या नळ्यांचा सोलर किंवा हीट एक्स्चेंजर असलेलं (म्हणजे नळ्यांत जड पाणी न फिरवता त्याला फक्त उष्णता देणारं) सपाट पॅनेल घेतात. काचेच्या नळ्यांतही गाळ साठतोच, वर्षातून एकदा धुवून घ्या. विक्रेत्याने पाण्याचा रिपोर्ट न मागता कोटेशन दिलं तर दुसरा विक्रेता बघा.

आमच्या बोअरचा तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट आहे. तोच दाखवू का? (वाकड)

नको. पावसाळ्यानंतर एकदा आणि मे महिन्यात एकदा, असे दोन ताजे करा, बोअरचं पाणी खाली जाईल तसे आकडे बदलतात. मोटर दहा मिनिटं चालू द्या, स्वच्छ कॅन त्याच पाण्याने तीनदा विसळा, काठोकाठ भरा आणि त्याच दिवशी पोचवा. शीतपेयाची जुनी बाटली नको. टँकरचा नमुना टँकर आल्यावर वेगळ्या कॅनमध्ये घ्या, आणि कॅनवर तारीख टाका.