शरणार्थी, निर्वासित, घुसखोर : आणि ‘शरण’ म्हणजे मुळात काय

प्रश्न असा आलाय : अमेरिका-मेक्सिको सीमेवर जी माणसं आसरा मागायला येतात त्यांना मराठीत एकाच बातमीत मथळ्यात घुसखोर, मधे स्थलांतरित आणि शेवटी निर्वासित म्हटलेलं असतं, तर यातला बरोबर शब्द कुठला? शरणार्थी हा हिंदी शब्द म्हणून टाळावा का? आणि टाळायचा नसेल तर त्याचं स्त्रीलिंग काय?

आधी घुसखोर, कारण तो शब्द टीव्हीवर ऐकून ऐकून डोकं उठलंय. यातला ‘खोर’ फारसी आहे, खाणारा या अर्थाचा, आणि मराठीत तो लागला की सवय दाखवतो. भांडखोर म्हणजे एकदा भांडलेला माणूस नव्हे, ज्याला भांडल्याशिवाय राहवत नाही तो. लाचखोर, चुगलखोर, दंगेखोर, सगळे तसेच. (हिंदीत तर घूसखोर म्हणजे लाच खाणारा, सीमा ओलांडणाऱ्याला ते घुसपैठिया म्हणतात.) आता होंडुरासमधून लेकरू कडेवर घेऊन निघालेली, आयुष्यात एकदाच सीमा ओलांडलेली बाई, तिला हा सवयीचा प्रत्यय लावायचा? शिवाय कायद्यानेही तो शब्द चुकतो. अमेरिकेच्या कायद्यात स्वच्छ लिहिलंय की जो माणूस त्यांच्या भूमीवर पोचलाय तो अधिकृत नाक्यावरून आला असो वा नसो, आसऱ्यासाठी अर्ज करू शकतो. २०२४ आणि २०२५ मध्ये वरून आदेश काढून ती वाट बरीचशी बुजवली, कोर्टात भांडणं झाली, पण कायद्यातलं वाक्य तसंच आहे. आणि एक सांगतो, ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीय बेड्या घालून अमृतसरला आणून सोडले, त्यात तिघं महाराष्ट्रातले होते, तेव्हा मी वाचलेल्या एकाही मराठी बातमीत त्यांना घुसखोर म्हटलेलं नव्हतं. आपल्या माणसाला शब्द जपून वापरता येतो म्हणजे दुसऱ्यालाही येऊ शकतो.

स्थलांतरित एका ओळीत संपतो. ऊसतोडीला जाणारं जोडपं, ठाण्याच्या खाडीवरचे फ्लेमिंगो आणि बदली होऊन पुण्यात आलेला बँकवाला, सगळे स्थलांतरितच, त्यामुळे त्यातून काहीच कळत नाही. विस्थापित आपल्याकडे धरणग्रस्तांनी कमावलेला शब्द आहे, तो त्यांच्याकडेच राहू द्या. परागंदा सुंदर शब्द आहे, लोकांना त्यात संस्कृत ‘परा’ दिसतो पण तो अख्खा फारसी आहे, विखुरलेला असा अर्थ, मात्र आपण तो फरार माणसालाही लावतो म्हणून इथे नको.

निर्वासित चांगला मराठी शब्द आहे, रुळलेला आहे, माझा त्याला विरोध नाही, फक्त तो मागच्या बाजूला बघतो. निर् + वस्, वस् चं प्रयोजक रूप, म्हणजे ज्याला कुणीतरी राहत्या जागेतून बाहेर घातलं तो. सीतेचं निर्वासन झालं म्हणतो तेच हे. त्याच्यावर काय गुदरलं ते या शब्दात आहे, तो आत्ता काय मागतोय ते नाही. आणि सीमेवरच्या माणसाचा सगळा प्रश्न ‘मागतोय’ इथेच अडकलेला आहे.

म्हणून शरणार्थी. हा हिंदी आहे म्हणून नको असं म्हणणाऱ्यांचं मला खरंच आश्चर्य वाटतं. विद्यार्थी, परीक्षार्थी, लाभार्थी चालतात आणि शरणार्थी परका? अर्थ् हा धातू धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, ‘उपयाच्ञायाम्’ म्हणजे मागणे या अर्थी दिलाय. विद्यार्थ्याला विद्या अजून मिळालेली नसते, तो ती मागायला आलेला असतो. तसा शरणार्थ्याला शरण अजून मिळालेलं नसतं. इंग्रजीत असायलम-सीकर आणि रेफ्युजी हा जो भेद करतात, अर्ज निकालात निघायच्या आधीचा आणि नंतरचा, तो आपल्याकडे आयता आहे : मागणारा शरणार्थी, मिळालेला आश्रित. नवीन शब्द पाडायची काही गरज नाही.

आता अडचण कुठे येते ते सांगतो, आणि माझ्या मते खरी गोष्ट इथे सुरू होते. मराठी कानाला शरण म्हटलं की हार ऐकू येते. नक्षलवादी शरण आले, आरोपी पोलिसांना शरण आला, शत्रूने शरणागती पत्करली. त्यामुळे शरणार्थी म्हणजे हात वर करून आलेला, गयावया करणारा असं काहीतरी वाटतं. फाळणीनंतर दिल्लीकडे आलेल्या पंजाब्यांना हाच शब्द बोचला म्हणून ते स्वतःला पुरुषार्थी म्हणवून घ्यायला लागले, आणि त्यांचं बोचणं खोटं नव्हतं. पण शब्दाचं मूळ तसं नाहीये हो. अमरकोशात, म्हणजे संस्कृतच्या जुन्या शब्दकोशात, दोनच शब्दांत उत्तर आहे, ‘शरणं गृहरक्षित्रोः’. शरण म्हणजे घर, आणि शरण म्हणजे राखणारा. हरणं यात कुठेही नाही!

संस्कृतात ‘शरणं गच्छति’ म्हणतात तेव्हा शरणं ही द्वितीया आहे, ‘ग्रामं गच्छति’ मधल्यासारखी. गावाला जातो तसं शरणाला जातो, घराकडे जातो. मराठीत येताना तो शेवटचा अनुस्वार गळला आणि जायचं ठिकाण होतं ते माणसाची अवस्था होऊन बसलं. आता आपल्याला ‘मला शरण दे’ असं म्हणताच येत नाही, तिथे आसरा किंवा आश्रय लागतो, शरण नुसतं यायचं किंवा जायचं. हिंदीने ‘शरण में आना, शरण देना’ सांभाळून ठेवलं. म्हणजे या शब्दात हिंदीने मूळ जपलंय आणि आपण बिघडवलंय, आणि वर आपणच म्हणतो हिंदी शब्द नको. ‘बुद्धं शरणं गच्छामि’चा अर्थ कुणी ‘बुद्धापुढे शरणागती पत्करतो’ असा सांगितला की मला गप्प बसवत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो माणसांनी ते म्हटलं ते काय हरण्यासाठी? जे घर कधी मिळालं नव्हतं तिकडे निघाल्याचं वाक्य आहे ते. बुद्धाने शेवटच्या दिवसांत शिष्यांना सांगितलं तेही ‘अत्तसरणा’ व्हा, स्वतःच स्वतःचं घर व्हा, तिथे शरणागती घालून बघा, वाक्य उभंच राहत नाही. आणि सोलापूर-लातूरकडे लिंगायत घरांत ‘शरणु शरणार्थी’ म्हणून एकमेकांना नमस्कार करतात, दोघंही ताठ उभे राहून.

व्युत्पत्तीकडे येऊ. वा. शि. आपट्यांच्या संस्कृत-इंग्रजी कोशात शरण हा शॄ धातूपासून लावलाय, शॄ हिंसायाम्, फाडणे-मोडणे. परंपरेतले टीकाकार मग म्हणतात दुःखाला मारतं म्हणून शरण. आपट्यांचा कोश मी रोज उघडतो, पण इथे मला ते अजिबात पटत नाही, छपराला नाव द्यायला कुणी हिंसेचा धातू शोधत नाही. धातू गळ्यात बांधायचाच म्हणून बांधलाय तो. संस्कृत, लॅटिन, इंग्रजी अशा एकाच मूळच्या भाषांतले शब्द एकत्र लावणाऱ्या युलियुस पोकोर्नीच्या १९५९ च्या व्युत्पत्तिकोशात शरण वेगळ्या कुटुंबात बसलाय, झाकणे, लपवून राखणे या अर्थाच्या मुळात, आणि त्या कुटुंबात शेजारी कोण आहे बघा : शर्मन् म्हणजे आसरा (शर्मा आडनाव तेच), आणि शाला, म्हणजे आपली शाळा, गोशाळा, धर्मशाळा. तिकडच्या बाजूला इंग्रजीचे हॉल, हेल्मेट आणि सेल. हो, सेल, कोठडी, लॅटिन ‘केला’ म्हणजे छोटी खोली यातून आलेला. हॉल, हेल्मेट, सेल हे तिन्ही आपण रोज मराठीत बोलतो आणि कुणाला माहीत नसतं की हे शरणचे चुलतभाऊ आहेत.

हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही, कारण सीमेवर नेमकं हेच घडतं. माणूस शरण मागतो आणि त्याला सेल मिळतो. टेक्सास-अ‍ॅरिझोनाकडे पकडलेल्या लोकांना आधी ज्या कोठड्यांत ठेवतात त्यांना ती माणसं स्पॅनिशमध्ये ‘इएलेरा’ म्हणतात, म्हणजे बर्फाची पेटी, इतका आत एसी लावलेला असतो, आणि पांघरायला चांदीच्या कागदासारखं पातळ प्लास्टिक. एकाच मुळातून निघालेले दोन शब्द, एक झाकून राखणारा आणि एक झाकून कोंडणारा, आणि मधे एक माणूस.

शरण म्हणजे घर याचा पुरावा मागाल तर कालिदास. सगळे विभीषणाचं उदाहरण देतात, मला शकुंतला जास्त जवळची वाटते. पाचव्या अंकात आश्रमातले लोक आलेत असं कळल्यावर दुष्यंत प्रतिहारीला, म्हणजे दारावरच्या सेविकेला, म्हणतो, ‘अग्निशरणमार्गमादेशय’, अग्निशाळेची वाट दाखव. अग्निशरण म्हणजे अग्नीचं घर, दुसरा अर्थ लागतच नाही. आणि त्याच अग्निशरणात, ज्या खोलीच्या नावातच शरण आहे तिथे, पोटुशी शकुंतला उभी राहते आणि तिला सांगितलं जातं तुला आम्ही ओळखत नाही. ती अंगठी दाखवायला जाते, बोटात अंगठी नाही, वाटेत शचीतीर्थाच्या पाण्यात पडलेली. आता याला कुणी ओढाताण म्हणेल तर म्हणो, मी हे पूर्ण जबाबदारीने म्हणतोय : आसरा मागणाऱ्याची जगातली सगळी मुलाखत त्या प्रवेशात आहे. ती खरं सांगतेय, नीट सांगतेय, जुन्या आठवणी तपशिलासकट सांगतेय, पण कागद वाटेत पाण्यात गेला. सीमेवरची रिओ ग्रांदे नदी पोहून आलेल्याचे कागद कुठे जातात असं वाटतं तुम्हाला?

तिथली मुलाखत कशी असते तेही सांगायला हवं, कारण लोक म्हणतात रांगेत या ना सरळ. १९५१ च्या जिनिव्हा करारात पाचच कारणं धरलीत, वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट आणि राजकीय मत, यातल्या एकामुळे छळ होईल अशी साधार भीती दाखवावी लागते. भूक त्यात नाही. दुष्काळात शेत गेलं हेही नाही. टोळीवाल्याने खंडणीसाठी मुलाला मारायची धमकी दिली तर ती पाचांपैकी कशात बसवायची यावर वकील वर्षानुवर्षं भांडतात, आणि वकील सरकार देत नाही, लहान मुलाला सुद्धा नाही. देशात आल्यापासून एका वर्षात अर्ज टाकायचा, अर्ज टाकल्यावर कामाचा परवाना १८० दिवसांच्या आत मिळत नाही, तोवर खायचं काय ते कायदा सांगत नाही, आणि २०२४ मध्ये तिथल्या इमिग्रेशन कोर्टांत ३० लाखांच्या वर केसेस पडून होत्या.

आणि रांग? मेक्सिकोच्या बाजूला सीमेलगत असलेल्या तिहुआना शहरात रांग म्हणजे एक वही होती, अक्षरशः वही, ‘ला लिस्ता’ म्हणायचे, आलेल्या माणसांनीच चालवलेली, त्यात नाव लिहून नंबर घ्यायचा आणि रोज सकाळी नाक्यापाशी जाऊन आपला नंबर पुकारतात का बघायचं, आठवडे, महिने. मग जानेवारी २०१९ पासून सुमारे ७०,००० लोकांना तारीख लागेपर्यंत मेक्सिकोतच थांबा म्हणून परत पाठवलं, त्यातले कितीतरी तिकडच्याच मातामोरोस गावी नदीकाठी तंबूत राहिले. मार्च २०२० ते मे २०२३ कोविडचं कारण सांगून मुलाखत न घेताच परत ढकलत होते. जानेवारी २०२३ पासून मोबाइल अ‍ॅपवर अपॉइंटमेंट घ्यायला लावली, अ‍ॅप इंग्रजी, स्पॅनिश आणि हैतीच्या क्रिओलमध्ये, ग्वाटेमालाच्या डोंगरातली माया भाषा बोलणारी बाई त्यात काय वाचणार? आणि २० जानेवारी २०२५ ला नवे अध्यक्ष आले त्याच दिवशी ती सोय बंद, सुमारे ३०,००० लोकांच्या मिळालेल्या तारखा रद्द. सरळ रांगेत उभी असलेली माणसं होती ती.

आपण फार शहाणे आहोत असं मला म्हणायचं नाहीये. १९५१ च्या करारावर भारताने सही केलेली नाही, आसरा मागणाऱ्यांसाठी आपला वेगळा कायदाही नाही. पण आपल्याकडे शरणचा जुना अर्थ जगलेली एक जागा आहे आणि ती माझ्या गावाजवळ आहे, कोल्हापूरजवळचं वळिवडे. १९४० च्या सुमारास सोव्हिएत रशियाने पोलंडमधून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात टाकलेली माणसं, जवळजवळ सगळ्या बायका, मुलं आणि म्हातारी, इराणमार्गे फिरत फिरत १९४३ मध्ये इथे आली, ५,००० च्या आसपास, आणि १९४८ पर्यंत राहिली. शाळा काढल्या, चर्च होतं, नाटकं व्हायची. त्यांनी ती घरं सोडली आणि त्याच घरांत सिंधमधून आलेली माणसं राहायला आली, त्याचं आज गांधीनगर झालंय, कापडाची मोठी पेठ, लग्नाचा बस्ता बांधायला आम्ही तिथेच जातो. आमची आजी दोन्ही वेळच्या लोकांबद्दल बोलायची आणि निर्वासित, शरणार्थी असला कुठलाच शब्द वापरायची नाही, ती म्हणायची ‘घर मागायला आलेली माणसं’. अमरकोश तिने आयुष्यात बघितला नव्हता.

तर बातमी लिहिणाऱ्यांनो, अर्ज निकालात निघेपर्यंत शरणार्थी लिहा, आसरा मिळाला की आश्रित, देशातून हाकललं हे सांगायचं असेल तिथे निर्वासित, आणि घुसखोर हा शब्द बंदूक घेऊन आलेल्यासाठी राहू द्या.

स्त्रीलिंग राहिलंच. विद्यार्थिनी तसं शरणार्थिनी, थि ऱ्हस्व. वळिवड्यात बहुतेक त्याच होत्या, तेव्हा रूप माहीत असलेलं बरं.