रोही-रानडुकरांसाठी कोणते काडतूस कायदेशीर आहे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांच्या नावावर परवाना असलेली बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीचे माप) दुनळी बंदूक घरात आहे, वडील मागच्या वर्षी वारले, सोयाबीन आणि तुरीत रानडुकरे व रोही (नीलगाई) धुमाकूळ घालतात, आणि परदेशात मोठ्या जनावरासाठी किमान कोणते काडतूस वापरावे हे कायद्याने ठरलेले असते असे आपल्या वाचनात आले. तेव्हा आपल्याकडे कोणते काडतूस चालते आणि घरात पडलेली एलजी, म्हणजे मोठ्या छर्र्यांची काडतुसे, चालतील का, हे आपल्याला हवे आहे. मी हिंगोली जिल्ह्यात तालुक्याच्या न्यायालयात वकिली करतो, घरची कोरडवाहू शेती आहे आणि माझ्या नावावर बारा बोअरचा परवाना आहे, म्हणून दोन्ही बाजूंनी उत्तर देऊ शकतो.

आज भारतात मोठ्या शिकारीसाठी काडतुसांची कायदेशीर यादी नाही, याचे कारण शिकारच बंद आहे. मात्र अशी मर्यादा आपल्या कायद्यात कधी नव्हतीच, असे समजू नका. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळात लागू झाला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते, आणि कलम १७ मध्ये शिकार कशी करू नये हे सांगितले होते. वाहनातून, विष घालून, फासे लावून किंवा पाणवठ्यावर दबा धरून शिकार करायची नाही, रात्री करायची नाही, आणि मोठ्या जनावरावर रायफलीखेरीज दुसरे हत्यार चालवायचे नाही. साधी, म्हणजे आतून गुळगुळीत नळीची बंदूक वापरायची तर परवान्यात तशी खास मुभा लागे, आणि तीही एकाच अखंड गोळीच्या काडतुसापुरती. रोही आणि रानडुक्कर ज्या तिसऱ्या अनुसूचीत होते, ती 'मोठ्या शिकारी'चीच अनुसूची होती. म्हणजे आपल्या एलजीच्या प्रश्नाला पन्नास वर्षांपूर्वीच्या कायद्यानेही 'नाही' असेच उत्तर दिले असते. १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचे परवानेच गेले आणि त्यांच्याबरोबर हे कलमही गेले.

नियम गेला, तरी त्यामागचे कारण कुठे गेलेले नाही. एलजीच्या काडतुसात साधारण सहा मोठे छर्रे असतात आणि एसजीमध्ये आठ-नऊ. एलजीचा एक छर्रा सुमारे साडेचार ग्रॅमचा असतो, आणि नळीतून बाहेर पडताना त्याची ऊर्जा तीनशे ज्यूलच्या आसपास भरते. पुढे तो गोल असल्यामुळे हवेत लवकर मंदावतो, शिवाय छर्रे पांगतात. चाळीस पावलांवर उभ्या असलेल्या क्विंटलभर वजनाच्या डुकराला त्यातला एखाद-दुसरा छर्रा लागतो, तोही जाड कातडी आणि चरबीत अडकतो. जनावर मरत नाही, पळते. उलट त्याच बंदुकीतून सुटणारी २८ ग्रॅमची अखंड गोळी अडीच हजार ज्यूलच्या वर ऊर्जा नेते. ज्यूलचा अंदाज येत नसेल तर असे समजा, की एक क्विंटलचे पोते दोन मीटर उंचीवरून खाली पडते तेव्हा साधारण दोन हजार ज्यूल ऊर्जा असते. हा सगळा भार अंगठ्याएवढ्या जागेवर यावा, अशी अपेक्षा असते.

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एक प्रकरण आले होते. परवानगी न घेता एका शेतकऱ्याने आखाड्यावरून, म्हणजे शेतातल्या वस्तीवरून, रात्री डुकरावर एसजी झाडले. डुक्कर जखमी होऊन शेजारच्या उसात शिरले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऊस तोडायला आलेल्या मजुराची मांडी त्याने फाडली. मजूर वाचला, पण शेतकऱ्यावर वन्यजीव आणि शस्त्र अशा दोन्ही कायद्यांखाली गुन्हा दाखल झाला आणि बंदूकही जप्त झाली. छर्रा हा जनावराइतकाच शेजाऱ्याचाही घात करतो, हे मी तेव्हापासून प्रत्येक पक्षकाराला सांगतो.

परदेशातले नियम आपण विचारलेच आहेत, तर त्यांतले जे नीट पाहण्यासारखे आहेत तेवढेच सांगतो. जर्मनीच्या शिकार कायद्याच्या कलम १९ मध्ये खूर असलेल्या जनावरांवर छर्रा झाडायला सरळ मनाई आहे, त्यात रानडुक्करही येते. रो नावाच्या लहान हरणासाठी काडतुसाची ऊर्जा शंभर मीटरवर किमान १,००० ज्यूल हवी, आणि इतर खुरवाल्या मोठ्या जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर व शंभर मीटरवरील ऊर्जा किमान २,००० ज्यूल हवी. ऊर्जा नळीच्या तोंडाशी न मोजता शंभर मीटर पुढे, जनावराच्या बाजूला मोजायची, हा जर्मनांचा शहाणपणा मला विशेष आवडतो. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात मोठ्या शिकारीसाठी किमान .२४ इंच व्यासाची, अंगात शिरल्यावर पसरणारी गोळी लागते. हरणासाठी तिचे वजन किमान ७० ग्रेन (सुमारे साडेचार ग्रॅम) आणि एल्क वा मूस या मोठ्या हरणांसाठी ८५ ग्रेन. आफ्रिकेतील नामिबियात हत्ती किंवा रानरेड्यासारख्या जनावरासाठी किमान ५,४०० ज्यूल ऊर्जेचे काडतूस लागते.

पसरणाऱ्या गोळीची एक गंमत सांगतो. अशी गोळी युद्धात वापरायला १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने बंदी घातली, आणि तिला जगभर जे 'दमदम' नाव पडले ते कलकत्त्याजवळच्या दमदम येथील शस्त्र कारखान्यावरून. सैनिकावर जी गोळी झाडणे निषिद्ध, तीच शिकारीत सक्तीची. शिकारीत जनावर जागच्या जागी मरावे हा हेतू असतो, अर्धमेले होऊन दोन दिवस रानात तडफडू नये.

दुसरी गोष्ट आपल्या देशातलीच. इंग्रजांच्या मार्टिनी-हेन्री या जुन्या फौजी रायफलीची गोळी .४५० इंच व्यासाची होती. अशा रायफली बंडखोरांच्या हाती होत्या, आणि शिकारीची काडतुसे त्यांच्यापर्यंत पोचतील या धास्तीने १९०७ च्या सुमारास सरकारने हिंदुस्थानात .४५० व्यासाच्या शिकारी बंदुका व काडतुसे आणण्यावर बंदी घातली. तेव्हा इंग्लंडातल्या बंदूक कारागिरांनी .४६५, .४७० आणि .४७५ अशी काडतुसे काढली. आफ्रिकेत पुढे हत्तीच्या शिकारीसाठी नावाजलेली ही काडतुसे मुळात हिंदुस्थानातल्या एका बंदीची लेकरे आहेत.

तोच विचार आजच्या आपल्या शस्त्र कायद्यात शिल्लक आहे, आणि काडतुसावरची आपली खरी कायदेशीर मर्यादा तिथेच आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ खाली फौज आणि पोलीस वापरतात ती .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरसारखी मापे सामान्य नागरिकाला निषिद्ध आहेत. म्हणूनच आपल्याकडच्या परवानाधारकांजवळ .३१५ ची रायफल दिसते, जी इशापूरच्या सरकारी कारखान्यात तयार होते. आपल्या भागात मात्र शंभरातले नव्वद परवाने बारा बोअरचेच असतील, हा माझा अंदाज आहे. परवान्यावर हत्याराचे माप लिहिलेले असते आणि एका वेळी व वर्षभरात किती काडतुसे घ्यायची तेही. त्याबाहेरचे एक काडतूस जरी कपाटात सापडले तरी तो वेगळा गुन्हा होतो. पीक राखण्यापुरत्या परवान्यासाठी या कायद्याच्या कलम १३ मध्ये ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि संरक्षण वा खेळासाठी किमान वीस इंच नळीच्या साध्या बंदुकीचा. पीक राखण्यासाठी कायद्याने रायफल सुचवलेलीच नाही, हे त्यावरून आपल्या ध्यानात येईल.

आता वन्यजीव कायद्याकडे परत येतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि रोही व रानडुक्कर आता दुसऱ्या अनुसूचीत आहेत. कलम ९ प्रमाणे त्यांची शिकार मना आहे. 'शिकार' या शब्दात मारणेच नव्हे, तर फास लावणे, विष घालणे, हाकारून पिटाळणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. कुंपणात वीज सोडणे किंवा गावठी बॉम्ब पेरणे यांना तर कुठलीच सबब चालत नाही. कलम ११ मध्ये एक वाट ठेवलेली आहे : जनावर माणसाच्या जिवाला किंवा उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाले असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी कारणे नमूद करून लेखी परवानगी देऊ शकतो. आपल्या राज्यात रोही आणि रानडुकरांपुरते हे अधिकार २०१५ पासून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणलेले आहेत. परवानगीने मारलेले जनावरही सरकारचीच मालमत्ता असते, त्याचे मांस घरी नेता येत नाही. काळवीट व चिंकारा पहिल्या अनुसूचीत आहेत, त्यांना पिकाच्या नुकसानीचे कारण लागू होत नाही. अंधारात काळविटाची मादी आणि रोह्याचे वासरू यांत फसगत झाली, तर तीन ते सात वर्षांच्या शिक्षेशी गाठ आहे.

आपल्या बाबतीत मात्र या सगळ्याच्या आधीची एक अडचण आहे आणि ती आपण प्रश्नात ओझरती सांगून पुढे गेलात. वडील वारले त्याबरोबर त्यांच्या परवान्याचे बळ संपले. परवाना वारसाहक्काने मिळत नाही. बंदूक आणि उरलेली काडतुसे विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावीत, असे शस्त्र अधिनियमाचे कलम २१ सांगते. आपण एक वर्ष थांबलात, तेव्हा आता आणखी एक दिवसही थांबू नका. मृत्यूचा दाखला आणि मूळ परवाना घेऊन जा, जमा केल्याची पावती घ्या, तीत काडतुसांची संख्या प्रकारासह लिहून घ्या, आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करा. निवडणूक आली की आम्हा परवानाधारकांना बंदूक अनेकदा ठाण्यात नेऊन ठेवावी लागते, त्यामुळे तिथल्या मुद्देमाल कारकुनाला हे काम नवे नसते.

परवाना मिळेपर्यंत नुकसानीचा प्रत्येक प्रसंग वन कार्यालयात लेखी कळवा, सातबारा जोडा आणि पंचनामा करून घ्या. भरपाई त्यावरच मिळते, आणि कलम ११ च्या परवानगीचा अर्जही त्यावरच उभा राहतो. पुढे परवाना आणि परवानगी दोन्ही हाती आली, तर विक्रेत्याकडे अखंड गोळीची काडतुसे मागा. दुनळीच्या नळीचे तोंड पूर्ण आवळलेले असेल, तर त्यातून गोळी झाडण्याआधी एखाद्या जाणत्या बंदूक कारागिराला ती दाखवून घ्या.